मुठी आवळलेल्या बायका: मुष्टियुद्धाच्या जागतिक स्पर्धेची गोष्ट

आज बायकांच्या मुष्टियुद्धाबद्दल, म्हणजे बॉक्सिंगबद्दल बोलायचं आहे. बॉक्सिंग म्हटलं की आपल्याला मेरी कोम आठवते, तिच्यावरचा सिनेमा आठवतो, आणि विषय तिथंच संपतो. पण मेरी कोम जी स्पर्धा सहा वेळा जिंकली ती कोणती, कधी सुरू झाली, आणि त्याआधी बायकांना ती का मिळाली नव्हती, हे फारसं कुणी सांगत नाही. तेच आज सांगते.

या स्पर्धेचं नाव जागतिक महिला हौशी मुष्टियुद्ध स्पर्धा. त्यातला 'हौशी' शब्द ऐकून गैरसमज करून घेऊ नका. फावल्या वेळात गंमत म्हणून खेळणाऱ्या या बायका नव्हेत. पैसे घेऊन जे लढतात त्यांचं मुष्टियुद्ध वेगळं, ते व्यावसायिक. हौशी म्हणजे आपल्या देशाच्या वतीनं, ठरलेल्या वजनगटात, पदकासाठी लढणं. डोक्याला संरक्षक टोप, तोंडात दातांसाठी कवच, हातात जाड ग्लोव्ह्ज. लढतीच्या दिवशी सकाळी वजन करतात. काटा जरा जास्त दाखवायला लागला की बाद. बायकांना आणखी एक कागद सही करून द्यावा लागतो, की मी गरोदर नाही. तो कागद योग्यच आहे असं माझं मत आहे. पण हाच मुद्दा पुढं करून बायकांना कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, तेही विसरता येत नाही.

आता तारखा बघा. पुरुषांचं मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आलं १९०४ साली. पुरुषांची जागतिक हौशी स्पर्धा सुरू झाली १९७४ मध्ये, क्यूबाच्या हवाना शहरात. बायकांची जागतिक स्पर्धा व्हायला २००१ साल उजाडलं. आणि ऑलिंपिक? २०१२. म्हणजे पुरुषांनंतर १०८ वर्षांनी.

यावर कुणी म्हणेल की बायकांना लढायचंच नव्हतं, म्हणून उशीर झाला. तसं नाही. १७२२ साली लंडनच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात छापून आली होती. एलिझाबेथ विल्किन्सन नावाच्या बाईनं हॅना हायफील्ड नावाच्या बाईला जाहीर आव्हान दिलं होतं. दोघींची बोलाचाली झाली होती आणि तिचा निकाल रिंगणात लावायचा होता. लढतीची अट मोठी मजेशीर होती. दोघींनी प्रत्येक मुठीत अर्ध्या क्राउनचं एकेक नाणं धरायचं, आणि जिच्या हातातून नाणं आधी पडेल ती हरली. मूठ उघडली तरच नाणं पडणार, म्हणजे ओरबाडायला बोटं सुटायची नाहीत. लढायचं ते फक्त आवळलेल्या मुठीनं. मला ही अट फार आवडली. आपण बचत गटातल्या बायका, मुठीतलं नाणं सोडायचं नाही हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणजे बायका ३०० वर्षांपूर्वीही लढत होत्या, लोक पैसे मोजून बघतही होते. पण पुढं खेळाच्या संस्था झाल्या, नियम छापले गेले, परवाने आले, आणि त्या कागदांवर बायकांना जागाच राहिली नाही. खेळ जत्रेतून कार्यालयात गेला की असं बरेचदा होतं. शेतीचंही काही वेगळं नाही. राबायला बाई चालते, सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं.

बंदीला कारणं काय दिली जायची? छातीला मार लागला तर कर्करोग होईल. गर्भाशयाला इजा होईल. बायकांचा स्वभाव पाळीच्या दिवसांत भरवशाचा नसतो. हे शेवटचं कारण तर इंग्लंडमध्ये चक्क न्यायाधिकरणासमोर मांडलं गेलं. जेन काउच नावाच्या मुष्टियोद्धीला तिथल्या व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या मंडळानं परवाना नाकारला होता. ती भांडायला उभी राहिली, तेव्हा मंडळाच्या बाजूनं मासिक पाळीचा मुद्दा आला. १९९८ साली निकाल तिच्या बाजूनं लागला. १९९८! तोवर आपल्याकडं पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळून पाच वर्षं झाली होती.

डोक्याला मार लागण्याचा धोका मात्र खरा आहे. तो मी लपवणार नाही. मेंदूला हादरा बसतो, आणि तो वारंवार बसला तर त्याचे परिणाम पुढं दिसतात. पण तो पुरुषाच्या मेंदूलाही तसाच बसतो. त्या कारणावरून पुरुषांचा खेळ कुणी बंद केला नाही, नियम कडक केले. बायकांच्या बाबतीत मात्र सरळ दारच बंद केलं गेलं.

ते दार पहिल्यांदा उघडलं स्वीडननं, १९८८ मध्ये. हाच तो स्वीडन, जिथं १९१२ चं ऑलिंपिक झालं तेव्हा देशाच्या कायद्यातच मुष्टियुद्धाला बंदी होती, म्हणून त्या वर्षी पुरुषांच्याही लढती झाल्या नाहीत. तोच देश पुढं बायकांसाठी पहिला निघाला. मग अमेरिकेत डॅलस मलॉय नावाच्या १६ वर्षांच्या मुलीनं तिथल्या हौशी मुष्टियुद्ध संघटनेवर खटला भरला. केवळ मुलगी म्हणून मला नोंदणी नाकारता येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं, आणि १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये ती अधिकृत लढत लढली आणि जिंकली. इंग्लंडच्या हौशी संघटनेनं १९९६ मध्ये बंदी उठवली. आयर्लंडमध्ये पहिली अधिकृत महिला लढत झाली २००१ च्या ऑक्टोबरमध्ये, डब्लिनला. त्यात केटी टेलर नावाची १५ वर्षांची मुलगी होती. त्याआधी ती मुलांच्या लढतींत उतरायची, केस टोपाखाली दडवून. लढत संपून टोप काढला की लोकांना कळायचं की जिंकलेला मुलगा ही मुलगी आहे. हे नाव लक्षात ठेवा, ती पुढं दिल्लीला येणार आहे.

आता स्क्रँटन. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हे जुनं कोळसा खाणींचं गाव. नोव्हेंबर २००१ मध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धा तिथं झाली. न्यूयॉर्कच्या इमारतींवर विमानं आदळून अडीच महिनेही झाले नव्हते. तरी ठिकठिकाणच्या मुली विमानात बसून तिथं पोचल्या. त्यांत मणिपूरची मेरी कोम होती.

ती कुठून आली ते थोडक्यात सांगते. चुराचांदपूर जिल्ह्यातलं कांगाथेई गाव. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे. घरातली थोरली मुलगी, म्हणजे धाकट्यांना सांभाळणं, शेतात हात लावणं आलंच. १९९८ मध्ये मणिपूरच्याच डिंको सिंगनं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धाचं सुवर्ण आणलं, आणि तिथल्या पोरापोरींना वेड लागलं. मेरी इंफाळला जाऊन शिकायला लागली, पण घरी सांगितलं नाही. राज्यस्पर्धा जिंकल्यावर वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तेव्हा वडिलांना कळलं. ते चिडले. तोंडावर मार बसून चेहरा बिघडला तर हिच्याशी लग्न कोण करणार, ही त्यांची काळजी होती. आपल्याकडच्या बापालाही हीच काळजी पहिल्यांदा सुचली असती.

बायकांची राष्ट्रीय स्पर्धाही आपल्या देशात २००१ मध्येच चेन्नईला झाली. म्हणजे देशातली स्पर्धा आणि जगातली स्पर्धा एकाच वर्षातली. सरावाला, अनुभव घ्यायला मधे वेळच नव्हता. अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा मेरीच्या हातात पैसे नव्हते, मदत मागावी लागली. तिथं पोचल्यावर तिथलं जेवण तिला जाईना. ४८ किलोच्या गटात लढणारी मुलगी, तिचं वजन आणखी उतरलं. तरीही ती अंतिम फेरीत गेली. तिथं तुर्कस्तानच्या हुल्या शाहिननं तिला हरवलं. पहिल्याच स्पर्धेत रौप्यपदक. घरचा भात मिळाला असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतोच.

पुढच्या वर्षी तुर्कस्तानात, अंताल्याला, ती ४५ किलोच्या गटात सुवर्ण जिंकली. २००५ मध्ये रशियातल्या पोडोल्स्कला पुन्हा सुवर्ण. त्याच वर्षी ऑलिंपिक समितीपुढं प्रश्न आला की २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बायकांचं मुष्टियुद्ध घ्यायचं का. उत्तर आलं, नाही. कारण दिलं की हा खेळ बायकांमध्ये जगभर अजून पुरेसा पसरलेला नाही. आधी खेळू द्यायचं नाही, मग म्हणायचं की खेळणाऱ्या कुठं आहेत. आम्हाला बँकेत हे उत्तर तोंडपाठ झालंय. तुमच्या नावावर आधीचं कर्ज नाही, म्हणून पत नाही. पत नाही, म्हणून कर्ज नाही.

मग नोव्हेंबर २००६ मध्ये ही स्पर्धा आपल्या देशात आली. दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये. चौथी जागतिक स्पर्धा, १३ वजनगट. इथं मला जरा थांबायचं आहे, कारण या स्पर्धेत भारताच्या मुलींनी जे केलं ते आपण पार विसरून गेलो आहोत. भारतानं चार सुवर्णपदकं मिळवली. एकूण आठ पदकं. पदकांच्या यादीत भारत पहिला. त्या काळात कुठल्या खेळाच्या जागतिक स्पर्धेत भारत पहिला येत होता, आठवून बघा.

चार सुवर्ण कुणाची? एक मेरी कोमचं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं मणिपूरच्याच सरिता देवीचं, ५२ किलोत. तिसरं मिझोरमच्या जेनी आर. एल. हिचं, ६३ किलोत. चौथं केरळच्या के. सी. लेखाचं, ७५ किलोत. जेनी आणि लेखा ही नावं तुम्ही याआधी ऐकली होती का? विश्वविजेत्या आहेत त्या. एका खेळातून एकच नाव लक्षात ठेवायची आपल्याला सवय आहे. त्या एकीवर सिनेमा निघतो, आणि तिच्या बरोबरीनं त्याच हॉलमध्ये, त्याच आठवड्यात जिंकलेल्या बाकीच्या पुसून जातात. मेरी कोमचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण एका गटातून चार जणी वर आल्या असतील तर अहवालात चौघींची नावं लिहावीत, एवढं तरी आपण आपल्या पातळीवर करतो.

याच दिल्लीत केटी टेलर, ती केस दडवून लढणारी आयरिश मुलगी, तिचं पहिलं जागतिक सुवर्ण जिंकली, ६० किलोत. नंतर सलग २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ मध्येही तिनं ते सोडलं नाही.

तेव्हा गुण कसे द्यायचे तेही सांगते, म्हणजे लढत बघताना कळेल. रिंगणाभोवती पाच पंच, प्रत्येकापुढं बटणं. ठोसा नीट, ग्लोव्हच्या पुढच्या भागानं, डोक्यावर किंवा धडाच्या पुढच्या बाजूला बसला की बटण दाबायचं. पाचपैकी तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. म्हणजे जोरापेक्षा नेम आणि चपळाई महत्त्वाची. समोरचीला आडवी पाडलीच पाहिजे असं काही नव्हतं. आता ही पद्धत बदलली आहे, पंच प्रत्येक फेरीला दहापैकी गुण देतात. पण मेरी कोमसारखी लहान चणीची बाई इतकी वर्षं का जिंकत राहिली, याचं उत्तर या बटणांत आहे. ती पटकन आत शिरायची, दोन ठोसे मारायची आणि बाहेर पडायची.

मधे एक आमच्याकडची गोष्ट सांगते. आमच्या एका गटातल्या ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, मुलीला बॉक्सिंगचं साहित्य घ्यायचंय आणि सरावासाठी तालुक्याला जायचा एसटीचा पास काढायचाय. बैठकीत गप्पच झाल्या सगळ्या. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी कर्ज देतो आपण. यासाठी? एक आजी म्हणाल्या, पोरीचं नाक मोडलं तर हप्ता कोण भरणार. दुसरी म्हणाली, नाक माझ्या नवऱ्यानं मोडलं होतं, तेव्हा नाही कुणी विचारलं. त्यावर कुणी हसलं नाही. बराच वेळ चर्चा चालली. शेवटी नेहमीच्याच व्याजानं, दहा हप्त्यांत फेडायचं, असा ठराव झाला. दोघींनी सही केली नाही. त्यांचंही म्हणणं आम्ही इतिवृत्तात लिहिलं. ताई दुधाच्या पैशातून हप्ता भरते आहे. मुलगी जाते सरावाला. पुढं काय होईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही, शेळीचंही सांगता येत नाही.

तर, आपण दिल्लीपर्यंत आलो होतो. ऑगस्ट २००७ मध्ये मेरी कोमला जुळे मुलगे झाले, शस्त्रक्रिया करून. लोक म्हणाले, झालं हिचं. पोटाला टाके पडलेल्या बाईनं परत पोटात ठोसे खायला रिंगणात उतरायचं, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं. नोव्हेंबर २००८ मध्ये चीनच्या निंगबो शहरात पाचवी जागतिक स्पर्धा झाली. मुलं जेमतेम सव्वा वर्षाची. मेरी जिंकली. सलग चौथं सुवर्ण. समोर होती रुमानियाची स्टेलुटा दुत्सा, तीच जी दिल्लीच्या अंतिम लढतीतही तिच्याकडून हरली होती. आणि २०१० मध्ये बार्बाडोसला अंतिम लढतीत पुन्हा हीच दोघी, पुन्हा मेरीच. या दुत्साबद्दल मला नेहमी वाटतं. तीन वेळा जगाच्या अंतिम लढतीपर्यंत यायचं आणि तिन्ही वेळा समोर एकच बाई. तिच्या गावात तिच्याबद्दल काय बोलत असतील!

मेरीला हे जमलं त्याला कारण तिची जिद्द तर आहेच. पण घरात मुलं सांभाळायला नवरा होता, ओनलर. हे ती स्वतः तेव्हा सांगायची. आपल्या मुलाखतवाल्यांना जिद्दीचं वाक्य हवं असतं, मुलांना कोण बघत होतं ते विचारायला ते विसरतात.

१३ ऑगस्ट २००९ ला बर्लिनमध्ये ऑलिंपिक समितीनं अखेर हो म्हटलं. २०१२ ला लंडनमध्ये बायका लढतील. पण किती वजनगट? तीन. ५१, ६० आणि ७५ किलो. पुरुषांना दहा. जागतिक स्पर्धेत बायकांचेही दहा गट झाले होते, त्यातले सात ऑलिंपिकच्या दाराबाहेर. मेरीचा ४८ किलोचा गट नव्हता. तिला ५१ मध्ये जावं लागलं. तीन किलो म्हणजे काय, असं वाटेल. पण या गटातल्या बायका उंच, हात लांब. वरच्या गटातल्याही खाली उतरून तिथंच आल्या होत्या, कारण त्यांनाही दुसरी जागा नव्हती.

त्याच सुमारास एक वेगळाच वाद निघाला. जागतिक संघटनेतल्या काहींना वाटलं की बायकांनी हाफ पँटऐवजी स्कर्ट घालावा, म्हणजे टीव्हीवर त्या पुरुषांहून वेगळ्या दिसतील. २०१० मध्ये तसे स्कर्ट पुढं केले गेले. केटी टेलरसारख्या खेळाडूंनी साफ नकार दिला, विरोधाच्या सह्या गोळा झाल्या. शेवटी २०१२ मध्ये ठरलं की ज्यांना हवा त्यांनी घालावा. १०८ वर्षं थांबून आत घेतलं, आणि पहिला प्रश्न काय तर कपडे.

ऑलिंपिकची निवड २०१२ च्या जागतिक स्पर्धेतून होती, चीनच्या छिनह्वांगदाओ शहरात. तिथं मेरी इंग्लंडच्या निकोला ॲडम्सकडून हरली. आता तिचं ऑलिंपिक निकोला पुढची लढत जिंकते का यावर अवलंबून होतं. जिनं हरवलं तिच्याच विजयासाठी देव पाण्यात ठेवायचे! निकोला जिंकली आणि मेरी लंडनला गेली.

लंडनला एकूण ३६ बायका होत्या. मेरीची पहिली लढत ५ ऑगस्टला, तिच्या जुळ्यांच्या पाचव्या वाढदिवशी. समोर पोलंडची कारोलिना मिखाल्चुक, जी ५४ किलोत विश्वविजेती झालेली होती. मेरीनं तिला हरवलं. मग ट्युनिशियाच्या मुलीला. उपांत्य लढतीत पुन्हा निकोला ॲडम्स, ६ विरुद्ध ११ अशी हार, आणि कांस्यपदक. ९ ऑगस्टला निकोला बायकांच्या मुष्टियुद्धातली पहिली ऑलिंपिक विजेती झाली. ६० किलोत केटी टेलर. ७५ किलोत अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स, वय १७.

त्यानंतरचं भराभर सांगते. २०१८ मध्ये ही स्पर्धा पुन्हा दिल्लीला झाली आणि ३५ वर्षांच्या, तीन मुलांच्या आईनं, म्हणजे मेरीनं, सहावं सुवर्ण घेतलं. २०२२ मध्ये इस्तंबूलला तेलंगणातल्या निजामाबादची निखत झरीन विश्वविजेती झाली. २०२३ ला तिसऱ्यांदा दिल्ली, आणि पुन्हा चार सुवर्ण: नीतू घंघास, निखत, लवलिना बोर्गोहाईं, स्वीटी बूरा. या वेळी चारही नावं नीट छापून आली, याचं मला समाधान आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीही मागं नाहीत. नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला आणि पुण्याच्या देविका घोरपडेनं २०२२ मध्ये स्पेनला युवा गटाच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. आणि ज्या क्यूबात पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्या क्यूबानं आपल्या बायकांना मुष्टियुद्धाची परवानगी दिली डिसेंबर २०२२ मध्ये.

मधल्या काळात जुन्या जागतिक संघटनेच्या कारभाराबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की ऑलिंपिक समितीनं २०२३ मध्ये तिची मान्यता काढली. नवी संघटना उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला तिनं पहिली जागतिक स्पर्धा भरवली, बायका आणि पुरुष एकाच ठिकाणी. तिथं भारताला दोन सुवर्ण मिळाली, दोन्ही मुलींची: जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा.

ऑलिंपिकच्या वजनगटांचा हिशेब आपल्या वहीसारखा मांडला तर असा दिसतो. लंडन, पुरुष १०, बायका ३. रिओ, पुन्हा तेच. टोकियो, पुरुष ८, बायका ५. पॅरिस, ७ आणि ६. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला दोघांचे ७-७ गट ठरले आहेत.